इंजिन कोणाकोणाला पोसतं? अंडरड्राइव्ह पुलीची गोष्ट

लोकलच्या गर्दीत किंवा ऑफिसात ज्यांना हेडफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे भरकटलो तेवढं आवरलंय, बाकी जसंच्या तसं.

एका श्रोत्याने मेसेज केला होता. "दादा, स्पोर्ट्स कारला घरच्या घरी अंडरड्राइव्ह पुली बसवली की हॉर्सपॉवर वाढते म्हणतात. खरंय का?" याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण तसं उत्तर ऐकून वीस वर्षांपूर्वी मी आणि माझा रूममेट एक इंजिन जवळजवळ घालवून बसलो होतो. म्हणून आज पूर्ण गोष्ट सांगतो.

पिठाच्या गिरणीपासून सुरुवात

तुमच्या गल्लीतली पिठाची गिरणी आठवा. मोटरवर एक छोटी पुली, जात्याच्या दगडाला मोठी पुली, मध्ये पट्टा. मोटर भन्नाट फिरते, दगड त्यामानाने सावकाश. दोन पुलींच्या आकारात जेवढा फरक, तेवढाच वेगात फरक. अंडरड्राइव्ह पुलीत यापेक्षा वेगळं शास्त्र काही नाही.

गाडीच्या इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्या पुढच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून बेल्ट जातो आणि तो बेल्ट पाणी फिरवणारा वॉटर पंप, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पॉवर स्टीअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर अशी सगळी मंडळी फिरवतो. आता क्रँकवरची पुली छोटी केली, किंवा पंपावरची आणि अल्टरनेटरवरची मोठी केली, तर इंजिन तेवढ्याच वेगाने फिरत असताना ही मंडळी हळू फिरतात. हळू फिरली की कमी ताकद खातात, आणि वाचलेली ताकद चाकांकडे जाते. इंजिन नवी ताकद तयार करत नाही, फक्त घरखर्च कमी करतं.

घरखर्च वाढत कसा गेला

सुरुवातीला हा खर्च जवळपास नव्हताच. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर तिला वॉटर पंपही नव्हता. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, एवढ्यावर इंजिन गार राहायचं. बेल्टवर होता तो एक पंखा. गाडी सुरू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारायचं.

मग एकेक सोय आली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. स्टार्टर म्हटलं की बॅटरी आली, आणि बॅटरी म्हटली की ती चार्ज करणारा डायनॅमो आला. १९४० च्या मॉडेलसाठी पॅकार्ड कंपनीने गाडीत एसी दिला. त्याची गंमत ऐका. त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, म्हणजे इंजिन चालू तर कॉम्प्रेसर चालू. थंडीच्या दिवसांत एसी नको असेल तर बॉनेट उघडून बेल्टच काढून ठेवायचा! १९५१ मध्ये क्रायसलरने इम्पीरियल गाडीत पॉवर स्टीअरिंग आणलं. १९६० च्या व्हॅलियंटमध्ये त्यांनीच डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला, कारण डायनॅमो इंजिन आयडलवर असताना पुरेशी वीज देत नसे. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात धुरावर कडक नियम आले, आणि एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा आणखी एक पंप बेल्टला लटकला.

प्रत्येक सोय लोकांना हवीच होती, आणि प्रत्येक सोय इंजिनाच्या ताटातला घास खात होती. पण जाहिरातीत हे कुठेच दिसत नव्हतं.

कागदावरचा आकडा कोसळला

त्या काळात अमेरिकन कंपन्या हॉर्सपॉवर मोजायच्या ती 'ग्रॉस' पद्धतीने. इंजिन स्टँडवर ठेवायचं. एअर क्लीनर काढायचा, गाडीचा अरुंद सायलेन्सर काढून मोकळा एक्झॉस्ट लावायचा, अंगावरची ही सगळी मंडळी उतरवायची आणि मग आकडा घ्यायचा. वजन करताना बूट, पाकीट, जाकीट सगळं काढून काट्यावर उभं राहावं तसं.

मग 'नेट' पद्धत आली. गाडीत जे जे असतं ते सगळं अंगावर ठेवून मोजायचं. जनरल मोटर्सने १९७१ साली दोन्ही आकडे छापले. शेव्हरोले कॉर्व्हेटचं एलटी-१ इंजिन ग्रॉस पद्धतीने ३३० हॉर्सपॉवर, आणि तेच इंजिन नेट पद्धतीने २७५. १९७२ पासून फक्त नेट आकडा राहिला, आणि त्या वर्षी एलटी-१ समोर २५५ लिहिलेलं होतं.

ही सगळी घट बेल्टवरच्या मंडळींमुळे झाली नाही. एक्झॉस्ट, एअर क्लीनर, प्रदूषणासाठी बदललेली सेटिंग्ज, सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण गाडीवेड्या पोरांना वाटलं, कोणीतरी आपली ताकद पळवली. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. १९७४ च्या फोर्ड मस्टँगमध्ये व्ही-८ इंजिन मिळतच नव्हतं. १९८० साली व्ही-८ होतं, पण जेमतेम १२० हॉर्सपॉवरचं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला फिरणाऱ्या त्या पुली बघून आपली ताकद कुठे जाते ते डोळ्यांना दिसत होतं. त्यामुळे राग निघाला तोही तिथेच.

मस्टँग, आणि घरचं गॅरेज

रेसिंगवाल्यांना ही युक्ती आधीच माहीत होती. ड्रॅग रेस म्हणजे पाव मैल, साधारण ४०० मीटर. काही सेकंदांचा मामला. तेवढ्या वेळात बॅटरी उतरत नाही की पाणी उकळत नाही. शिवाय इंजिन सहा-सात हजार आरपीएमवर असताना वॉटर पंप इतका जोरात फिरतो की पाण्यात बुडबुडे होऊन तो उलट कमी काम करतो. तिथे पंप हळू फिरवणं हे शहाणपणच आहे.

ही युक्ती घराघरांत पोचली ती मात्र १९८०-९० च्या दशकांतल्या मस्टँगमुळे. १९७९ च्या पाच लिटरच्या मस्टँगमध्ये फोर्डने तीन-चार वेगवेगळ्या बेल्टऐवजी एकच लांब सापासारखा वळणारा बेल्ट दिला, सर्पेंटाइन बेल्ट. १९८२ मध्ये या गाडीची ताकद १५७ होती, १९८७ पर्यंत २२५ झाली. गाडी स्वस्त, सुटे भाग मुबलक, इंजिनासमोर हात घालायला भरपूर जागा. आणि एक महत्त्वाची गोष्ट: या इंजिनात क्रँकची पुली चार बोल्टवर बसते. चार बोल्ट काढा, पुली हातात. तीन पुलींचं किट घ्यायचं आणि शनिवारच्या दुपारी घरीच बसवायचं. इंजिन उघडायला नको, मेकॅनिक नको.

सातवी-आठवीच्या गणिताएवढा एक हिशेब इथे करून ठेवू. पंप फिरवायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग २५ टक्के कमी केला, म्हणजे ०.७५ गुणिले ०.७५ गुणिले ०.७५. उत्तर सुमारे ०.४२. म्हणजे पाव वेग सोडला तर पंपाची भूक निम्म्याहून खाली येते. अल्टरनेटरचं तसं नाही. हेडलाइट, पंखा, इंधनपंप यांना जेवढी वीज लागते तेवढी लागतेच, त्यामुळे तिथली बचत किरकोळ. शिवाय घनाचा हा फायदा दिसतो तो वरच्या आरपीएमला. सिग्नलला उभं असताना वॉटर पंप मुळात खातोच किती?

आमचा शनिवार

२००५ च्या आसपास मी मिशिगनमध्ये शिकत होतो. डेट्रॉइटपासून तासाभरावर, भाड्याचं घर, मागे पडकं गॅरेज. रूममेट नागपूरचा, गाड्यांसाठी जीव टाकणारा. त्याने १९९० ची मस्टँग घेतली होती. काळी, दारं गंजलेली, इंजिन मात्र ठणठणीत. ऑक्टोबरात तो पुलीचं किट घेऊन आला.

काम खरंच सोपं होतं. इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. बेल्ट कुठून कसा जातो याचा कागदावर नकाशा काढला. हे नक्की करा, कारण या इंजिनात बेल्टची आतली आणि पाठीची अशी दोन्ही बाजू वापरलेली असते. वॉटर पंप बेल्टच्या पाठीवर चालतो आणि उलट दिशेने फिरतो. वॉटर पंपाच्या पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करायचे, नाहीतर नंतर पुली हातातच गरगर फिरत बसते. मग टेन्शनर लांब दांड्याने मागे ओढून बेल्ट काढला. पंखा काढला, जुन्या पुली काढल्या, नव्या बसवल्या, टॉर्क रेंचने पुस्तकातल्या मापाप्रमाणे बोल्ट आवळले. एक सरळ पट्टी लावून सगळ्या पुली एका रेषेत आहेत का ते पाहिलं. किटवाल्याने सांगितलेल्या मापाचा नवा बेल्ट चढवला. चार तास लागले, त्यात एक तास खाली पडलेला बोल्ट शोधण्यात गेला.

गाडी सुरू झाली. हायवेला चढताना रूममेट ओरडला, "अरे, फरक आहे बे!" मलाही वाटलं. आता खरं सांगायचं तर चार तास हात काळे केल्यावर फरक वाटतोच.

जानेवारीत खरा फरक कळला. उणे १५ तापमान, बर्फ, संध्याकाळचा ट्रॅफिक. हेडलाइट चालू, हीटरचा ब्लोअर फुल, वायपर चालू, मागच्या काचेचं बर्फ वितळवणारी तार चालू. आणि गाडी आयडलवर. समजा इंजिन ७०० आरपीएमवर आहे आणि मूळ पुलीने अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरतो, म्हणजे १,७५०. त्यातले २५ टक्के काढा, उरले तेराशेच्या आसपास. तेवढ्यावर अल्टरनेटर पुरेशी वीज देईना. हेडलाइट पिवळे पडले, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. कसेबसे घरी पोचलो. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक.

फोर्डच्या इंजिनियरला पुलीचा आकार कळत नव्हता असं नाही. त्याने तो आकार नेमका अशाच माणसासाठी ठरवला होता, जो बर्फात नाहीतर भर उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलाय आणि सगळी बटणं चालू करून बसलाय. आम्ही सात हजार आरपीएमवाल्या माणसाची पुली बसवली आणि गाडी सातशेवर चालवली.

शेजारच्या आजोबांचा प्रश्न

जंप स्टार्ट द्यायला शेजारचे आजोबा आले. आयुष्यभर इंजिनाच्या कारखान्यात काम करून रिटायर झालेले. बॉनेटमध्ये डोकावले, हसले आणि म्हणाले, "अल्टरनेटरची जुनी पुली परत लावा. बाकीच्या राहू द्या, पण उन्हाळ्यात पाण्याच्या तापमानावर लक्ष ठेवा." त्या गाडीचा पंखा वॉटर पंपावरच बसतो ना. पंप हळू, तर पंखाही हळू.

एवढ्यावर भागलं असतं. पण रूममेटचं पुढचं पाऊल तयार होतं. क्रँकच्या पुलीच्या मागे एक जाडजूड काळं चाक असतं. ते काढून रेसिंगचा हलका, सॉलिड अल्युमिनियमचा तुकडा लावायचा, असं त्याने ठरवलं होतं. सेकंडहँड तुकडा स्वस्तात मिळत होता, पैसे द्यायचे तेवढे बाकी होते. त्याने मोठ्या उत्साहाने आजोबांना सांगितलं.

आजोबांनी विचारलं, "ते चाक तिथे कशाला आहे?"

"बॅलन्ससाठी. नावच बॅलन्सर आहे."

"अर्धंच सांगितलंस. उरलेलं अर्धं सांगता आलं तर खुशाल काढ."

आम्हाला सांगता आलं नाही. त्या रात्री आम्ही दोघं लायब्ररीत बसलो, आणि इतिहासाचं हे पान मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

शंभर वर्षांपूर्वीचे तुटलेले दांडे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्यांना सहा सिलिंडरची इंजिनं येऊ लागली. लोकांना वाटलं, जास्त सिलिंडर म्हणजे जास्त गुळगुळीत चाल. पण काही वेगांवर ही इंजिनं थरथरायची आणि चांगले जाड क्रँकशाफ्ट तुटायचे. रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या गाडीलाही हा त्रास झाला.

कारण असं. प्रत्येक सिलिंडरमध्ये स्फोट झाला की क्रँकशाफ्टला एक फटका बसतो आणि तो दांडा किंचित पिळला जातो. ओला टॉवेल पिळतो तसा, फक्त डोळ्याला दिसणार नाही इतका. मग तो सुटतो, उलटा पिळला जातो, परत सुटतो. आठ सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात चार फटके. ३,००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सेकंदाला २०० फटके. झोपाळ्याला बरोबर लयीत धक्के दिले की तो उंच उंच जातो, तसंच एखाद्या वेगाला फटक्यांची लय आणि दांड्याच्या स्वतःच्या पिळण्याची लय जुळते. मग पीळ वाढत जातो, आणि एक दिवस लोखंड थकतं. दांडा जितका लांब तितका हा त्रास जास्त.

इंग्लंडमध्ये हेन्री रॉइस आणि फ्रेडरिक लँचेस्टर यांनी यावर उपाय शोधले. लँचेस्टर यांचा डॅम्पर १९१० च्या सुमाराचा. कल्पना साधी: दांड्याच्या पुढच्या टोकाला एक जड कडी बसवा, पण ती पक्की जोडू नका. दांडा थरथरला की ती कडी थोडी मागे राहते, आणि मधल्या घर्षणात थरथर उष्णता होऊन संपते. पुढे घर्षणाच्या तबकड्यांच्या जागी रबर आलं. मस्टँगचं ते काळं चाक म्हणजे तेच: आत लोखंडी गाभा, बाहेर जड कडी, मध्ये रबराचा थर.

त्या चाकाकडे दोन कामं होती. पहिलं बॅलन्सचं. १९८० च्या दशकातल्या या फोर्ड इंजिनाचा समतोल ५० औंस-इंचाच्या हिशेबाने साधलेला आहे, आणि त्यातलं पुढचं वजन या चाकात आहे. त्याच मापाच्या जुन्या इंजिनाला २८ लागतं, म्हणजे चुकीचं चाक लावलं तरी इंजिन हादरतं. दुसरं काम पीळ जिरवण्याचं. नाव बॅलन्सर पडल्यामुळे हे दुसरं काम लोक विसरले. आमचा सॉलिड अल्युमिनियमचा तुकडा दोन्हीपैकी एकही काम करणार नव्हता. आणि इंजिन लगेच तुटलंही नसतं. काही हजार मैल मजेत चाललं असतं, मग कधीतरी हायवेवर गेलं असतं, आणि आम्ही दोष तेलाला दिला असता.

बीएमडब्ल्यूच्या गाड्यांवर काम करणारे अमेरिकेतले नामांकित ट्यूनर स्टीव्ह डिनन यांनीही या विषयावर उघडपणे लिहून सावध केलं आहे: डॅम्पर काढून सॉलिड पुली बसवू नका. ज्यांचा धंदाच ताकद विकण्याचा आहे त्यांनी हे सांगावं, याला वजन आहे. आणि ज्या ड्रॅग रेसिंगमधून ही पुली आली, तिथेही वेगवान गाड्यांना प्रमाणित डॅम्पर असणं सक्तीचं आहे. रेसिंगवाल्यांनी पुली बदलली, डॅम्पर ठेवला. घरी येता येता ही दुसरी अट कुठेतरी गळून पडली.

तर मग उत्तर काय?

श्रोत्याच्या प्रश्नाकडे येतो. हो, थोडा फरक पडतो, वरच्या आरपीएमला. पण काही घेण्याआधी दोन गोष्टी बघ.

पहिली: तुझ्या गाडीत पुली आणि डॅम्पर वेगळे आहेत की एकच तुकडा आहे? आजच्या अनेक गाड्यांत क्रँकच्या पुलीतच रबराचा थर असतो. पुलीच्या दर्शनी बाजूला दोन लोखंडी कड्यांच्या मध्ये काळी रबरी रेघ दिसली, तर तो डॅम्पर आहे. तिच्या जागी सॉलिड पुली लावायची नाही. 'हलकी आहे म्हणून चांगली' हे तिथे लागू होत नाही. आणि जुनी गाडी असेल तर ते रबर तडकलंय का तेही बघ, कारण ते सुटलं की बाहेरची कडी सरकते आणि तिच्यावरच्या टायमिंगच्या खुणा खोटं सांगू लागतात.

दुसरी: तू गाडी कुठे चालवतोस? ट्रॅकवर असशील तर ठीक. मे महिन्यात एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभा राहणार असशील, तर कंपनीने निवडलेली पुली तुझ्यासाठीच निवडली आहे.

आणि गंमत म्हणजे, त्या मस्टँगवाल्या पोरांची मागणी शेवटी कंपन्यांनीच पूर्ण केली. बीएमडब्ल्यूने २००४-०५ च्या सुमारास एन-५२ इंजिनात विजेवर चालणारा वॉटर पंप आणला. लागेल तेवढाच फिरतो, इंजिनाच्या वेगाशी संबंध नाही. २०१० च्या टोयोटा प्रियसमध्ये तर इंजिनाला असला बेल्टच नाही. एसी, पंप, सगळं विजेवर.

रूममेटने तो सॉलिड तुकडा घेतला नाही. दोन वर्षांनी मस्टँग विकली, तेव्हा त्यावर दोन नव्या पुली, अल्टरनेटरची जुनी पुली आणि मूळ डॅम्पर होता. घेणाऱ्याने विचारलं, "हे काळं चाक बदललं नाही का?" रूममेटने त्याला पूर्ण पाऊण तास समजावून सांगितलं. मी गाडीत बसून गारठत होतो, पण मध्ये बोललो नाही.

तुमच्या गाडीत, बाईकमध्ये किंवा घरातल्या एखाद्या मशीनमध्ये असा भाग आहे का, जो कशाला आहे ते तुम्हाला काढल्यावर कळलं? मला नक्की कळवा, निवडक किस्से पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत बॉनेट जपून उघडा. भेटूच!